लेकीच्या फोटोंची प्रत
वजनमाप निरीक्षकाच्या नोकरीत उभे आयुष्य गेल्यामुळे निवृत्तीनंतरही त्यांचा कशावर चटकन विश्वास बसत नसे. दुधाचे माप, डॉक्टरांचे निदान, जावयाचे हसू, सगळ्यांतच त्यांना काहीतरी कमी भरल्यासारखे वाटे. घरचे फोटो कुठल्याशा परक्या कंपनीच्या संगणकांवर साठतात हे कळल्यावर तर त्यांची झोपच उडाली. त्यांनी चपलांच्या कपाटावर स्वतःचा सर्व्हर, म्हणजे फोटो साठवणारा डब्याएवढा संगणक, मांडला आणि पत्नी, धाकटा भाऊ, परगावी राहणारी लेक, साऱ्यांचे फोन त्याला जोडून दिले. आता प्रत्येकाचे फोटो आपोआप घरीच उतरत. हे माझ्यापेक्षा त्या डब्याच्या पंख्याचं जास्त ऐकतात, असे पत्नी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे.

साठवलेली प्रत उघडून पाहिल्याखेरीज ती शाबूत मानायची नाही, हा त्यांचा खाक्या. म्हणून दर रविवारी ते कुणाचेही चार फोटो उघडून पाहत. अशाच एका रविवारी लेकीच्या फोटोंत एक अनोळखी खोली दिसली. एकच गादी, एकच कप. त्यांच्या मनात पाल चुकचुकली. त्यानंतरचे फोटो त्यांनी तपासणीसाठी उघडले नाहीत, जावई कुठे दिसतो का ते शोधण्यासाठी उघडले. तो दिसला नाही.

फोनवर त्यांनी आडून विचारले, “नव्या खोलीत ऊन फार येतं का गं?”

ती म्हणाली, “फोटो कंपनीवाल्यांनी पाहिले तरी ते मला ओळखत नाहीत, बाबा. तुम्ही ओळखता.”

जावयाबद्दल तिने अवाक्षर काढले नाही. त्या दिवसापासून तिचे फोटो येणे थांबले. त्यांनी आधी वायर तपासली, मग राउटर, मग धाकट्या भावाने तिचे कान भरले असावेत असा तर्क लढवला. शेवटी पत्नीने सुनावले, “अहो, यंत्र ठणठणीत आहे. चोर शिरू नयेत म्हणून पहारा बसवलात, आणि आत शिरलात तुम्हीच.”

ते चरफडले, पण लेकीला फोन त्यांनीच केला. तिचे फोटो तिच्याच पासवर्डने कुलूपबंद होऊन येतील, अशी सोय तिच्याकडून करून घेतली. आपल्याला ते उघडता येत नाहीत याची दोनदा खात्री करून पाहिली.

फोटो पुन्हा येऊ लागले आहेत. रविवारी ते लेकीला फोन लावतात आणि एखादा उघडून बघ, एवढेच सांगतात. “उघडतोय,” ती म्हणते. ती खरोखर बघते की नुसतेच सांगते, हे त्यांना कळायला मार्ग नाही. फोटो कशाचा आहे, हे विचारायला जीभ वळवळते.

“बरं,” म्हणून ते फोन ठेवतात.