नत्थूजींच्या नावाची पिशवी

नत्थूजी पराते दिवाळीच्या सुमारास वारले. होळी जवळ आली तरी तांडापेठेतल्या त्यांच्या बोळाच्या तोंडाशी उभं राहून कुणीतरी त्यांना हाका मारायचंच. बोळ इतका अरुंद, की मोटारसायकल आत शिरली तर वळायला तिला कोणाच्या तरी स्वयंपाकघरात जावं लागेल. म्हणून किराणा आणणारा माणूस गाडी बाहेर लावायचा आणि पिशवीवरचं नाव वाचून ओरडायचा, "नत्थूजी पराते!"

त्यांची बायको तुळजाबाई दाराला लागूनच बसलेली असे. तिला स्वच्छ ऐकू येई, तरी ती उठत नसे. दुसरी हाक आली की मग पदर सावरून बाहेर पडे. म्हातारी ठार बहिरी आहे, यावर सामान आणणाऱ्या सगळ्यांचं एकमत झालं होतं.

मोबाईलवरून सामान मागवायचं खूळ नत्थूजींचंच. तरणेपणी त्यांनी मागावर लुगडी विणली, तुळजाबाईनं कांड्या भरून दिल्या. माग बंद पडला तशी त्यांनी लकडगंजच्या लाकडं कापायच्या एका आरामशिनीवर चौकीदारी केली. पुढे गुडघे गेले, तेव्हा पुतण्यानं, भूपेशनं, त्यांच्या फोनमध्येच दुकान आणून दिलं. पहिल्या दिवशी त्यांनी लिंबं मागवली. समोर दिसलेला एकाचा आकडा त्यांनी एक पाव किलो समजून दाबला. भर उन्हात एक माणूस एक लिंबू घेऊन आला. नत्थूजींनी त्याला ओट्यावर बसवून त्याच लिंबाचं सरबत पाजलं, आणि घर पुन्हा बिनलिंबाचं झालं.

ते गेल्यावर मागचं सगळं भूपेशनं निस्तरलं. त्यांना दोघांना मूलबाळ नव्हतं. तो दर रविवारी बेसाहून यायचा. विजेचं बिल, गॅस, राशनकार्ड, जिथं जिथं मोठ्या बाबांचं नाव होतं तिथं तिथं त्यानं मोठमायचं, तुळजाबाईचं, चढवलं. दारावरची पाटीसुद्धा रंग द्यायला म्हणून उतरवली, ती परत लागली नाही. असा कामाचा पोरगा शोधून सापडायचा नाही.

तुळजाबाईला स्वतःला ते नाव घेता येत नव्हतं. बाईनं नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, असं तिला लग्नातच बजावलं होतं. सूट फक्त उखाण्याला. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका तिला अडवून बसायच्या, आणि वर्षातून एकदा ती लाजत लाजत नत्थूजींना यमकात बसवायची. यंदा तिला कोणी बोलावलंच नाही. मग कानावर पडायला उरली ती एवढी पिशवीवरची हाक.

म्हणून ती भूपेशला त्याच्या फोनवरून थोडं थोडं मागवायला लावी. रविवारी डाळ, मधेच फोन करून कोथिंबीर. भूपेश वैतागायचा.

"महिन्याचं एकदमच भरून घे ना वं, मोठमाय."

"कोथिंबीर महिनाभर टिकते का गा?"

मग तो कोथिंबीर मागवायचा.

एका रविवारी समोरच्या भैय्याजींनी भूपेशला गाठलं. मेलेल्या माणसाला भरदिवसा हाका मारणं बरं नाही, जीव अडकून राहतो, असं त्यांचं म्हणणं. अडकत होती ती त्यांची दुपारची झोप, पण ते असो. भूपेशला आपल्याच कामात राहिलेली चूक सापडल्यासारखं झालं. त्यानं तिथल्या तिथं फोन काढला, नाव बदललं आणि आत येऊन सांगितलं, की आता सामान तुझ्याच नावानं येईल. तुळजाबाई "बरं" म्हणाली. चहा ठेवायला म्हणून आत गेली, ती बराच वेळ बाहेर आली नाही.

पुढच्या खेपेला बोळात हाक आली, "तुळजाबाई पराते!" दुसरी आली, तिसरीही आली. ती जागची हलली नाही. शेवटी माणूस पिशवी ओट्यावर ठेवून गेला. कोथिंबीर बोळातल्या बकरीनं खाल्ली. तिला नावाचं काही सोयरसुतक नव्हतं.

रविवारी भूपेशला ओट्यावर चिंधड्या झालेली पिशवी दिसली.

"काहून घेतलं नाही वं सामान?"

तुळजाबाई तांदूळ पाखडत राहिली. मग म्हणाली, "पहिलेचंच राहू दे."

"पहिलेचं कोणतं?"

"त्याईचं."

भूपेशला राशनकार्ड आठवलं, पाटी आठवली. त्यानं फोन काढून नाव परत घातलं, तिथंच बसून कोथिंबीर मागवली, आणि हाकेची वाट पाहत तोही दाराला टेकून बसला.

हाक आलीच नाही. हा माणूस नवा होता, सरळ चालत दारात येऊन उभा राहिला. हातात दोन पिशव्या, आणि दोन्हींवरच्या चिठ्ठ्या वाटेत कुठंतरी निघून गेलेल्या. सामान कोणाच्या नावानं आहे, असं त्यानं विचारलं. भूपेश तोंड उघडणार, तोच तुळजाबाईनं हात आडवा केला आणि पदर डोक्यावरून ओढून घेतला.

"नत्थूजी," ती म्हणाली. जरा थांबली. "नत्थूजी सखाराम पराते."

माणसानं फोनमध्ये पाहिलं, एक पिशवी तिच्या हातात दिली आणि निघून गेला. भूपेश तिच्याकडे पाहतच राहिला. ना उखाणा, ना लाजणं.

"येवढी वर्सं जपलं गा मी," ती म्हणाली, "त्याईचा एक दिवस कमी व्हाले नको म्हणून. आता काय कमी होते?"

फोन भूपेशच्या हातात तसाच होता. तिनं त्याकडे पाहिलं. "आता तुले जे नाव टाकाचं ते टाकजो."

मग ती खाली बसून कोथिंबीर निवडायला लागली. एका माणसाला पुरतील एवढ्या काड्या तिनं बाजूला काढल्या, आणि बाकीची जुडी गुंडाळून भूपेशच्या पिशवीत घातली.