खळ उतरलेलं लुगडं

आमच्या घरात कापडाला भाताची पेज कधी लागली नाही. शिजला भात म्हणजे खरकटं, आणि खरकट्याचं पाणी दिलेलं लुगडं सोवळ्यात कसं चालणार? तंजावर सोडून मद्रासला येऊन पिढ्या झाल्या, पण हा नेम सुटला नव्हता. शेजारणी लुगड्यांना खळ देऊन पत्र्यासारखी कडक करायच्या. आमची पिळली की उंच दांडीवर, आणि दांडीवरून थेट अंगावर. त्यामुळे झालं काय, की खळ कापडाचं काय करते हे आमच्यात कुणाला ठाऊकच नव्हतं. सासूबाई फसल्या त्या तिथेच.

नणंदेचं लग्न ठरलं होतं. मुलाकडचे इथल्याच मैलापूरचे, आमच्यातलेच, पण आमच्याहून वरचढ. विहिणीने आधी दोन मुली नाकारलेल्या, म्हणून आम्ही सगळे जपून होतो. सासूबाई आणि मी जॉर्ज टाउनच्या बाजारात लुगडी घ्यायला गेलो. एक लाल काठाचं पांढरं सुती नऊवारी सासूबाईंनी दोन बोटांत चोळलं.

"बघ ग, कसं भरीव आहे! कित्येक वर्षं मरण नाही याला."

तशीच दोन घेतली, एक विहिणीला, एक स्वतःला. साखरपुड्याला ते दिलं, विहिणीने हात फिरवून "वजनदार आहे हो" म्हटलं, तर सासूबाई घरी येईपर्यंत फुललेल्या.

लग्न जवळ आलं तसं त्यांनी आपलं लुगडं भिजत घातलं. नवं कापड धुतल्याशिवाय सोवळ्यात घेत नाहीत. थोड्या वेळाने मोरीतून हाक आली, "अग, धावत ये!"

बादलीतलं पाणी तांदूळ धुतल्यासारखं पांढरं, तळाशी गाळ. आणि हातातल्या लुगड्यातून मला त्यांची बोटं दिसत होती.

पुढे कळलं ते असं. विरळ विणीच्या कापडात खळ आणि पांढरी माती भरतात, मग तापलेल्या रुळांखालून दाबून काढतात. भोकं बुजतात, वजन येतं, चकाकी येते. पहिल्या पाण्यात सगळं उतरतं. बेताची खळ वाईट नाही हो, सूत घासण्यापासून वाचतं. पण इथे कापड थोडं आणि खळच फार. उरलं ते मऊ, अगदी मऊ, आणि जीव नसलेलं.

पण त्या घटकेला आम्हाला एकच सुचलं: तिकडेही भिजत घालतील.

सासूबाईंनी ट्रंकेतून स्वतःचं माहेरचं न नेसलेलं लुगडं काढलं आणि आम्ही बसने मैलापूर गाठलं. अंगणात शिरलो तर विहिणीला दिलेलं लुगडं दांडीवर वाळत होतं. त्याच्या आरपार पलीकडच्या भिंतीच्या विटा दिसत होत्या.

"विहिणबाई, दुकानदाराने फसवलं हो. हे घ्या, ते आम्हाला द्या."

"अय्यो, दिलेलं कुणी परत घेतं का?" विहीण गोडच बोलली. "फार मऊ आहे. तुमच्या लेकीलाही असंच मऊ वाढवलंय ना? पहिल्या पाण्यातच कळेल म्हणायचं."

सासूबाई हसल्या. मेलेलं हसू ते.

घरी नणंद दारातच उभी. "बदललं?"

"नाही."

"मग माझ्यावर काढतील," एवढंच म्हणून ती आत गेली.

लग्नात कुलदेवीच्या पूजेला विहीण मुद्दाम तेच नेसली, आत दुसरं गुंडाळून. कुणी विचारलं, की म्हणायची, "सुनेकडचं आहे." पाटावर बसताना ते गुडघ्यावर टर्रकन फाटलं आणि बायकांत कुणीतरी खुदकन हसलं. सासूबाईंनी मान वर केली नाही.

लग्नानंतर आम्ही नणंदेला भेटायला तिच्या सासरी गेलो. ती ओसरीवर तेच लुगडं मांडीवर घेऊन शिवत बसली होती. मी शेजारी टेकले. टाका घातला की त्याच्या बाजूला नवं भोक पडत होतं.

"वहिनी, दोरा धरतच नाही हो," ती हळूच म्हणाली.

"टाकून दे की."

"टाकू देत नाहीत."

आतून विहिणीचा आवाज आला, "झालं का ग? उद्याच्या पूजेला हवंय मला."

"होतंय," नणंद म्हणाली, आणि तिने सुईत पुन्हा दोरा ओवायला घेतला.