मामांच्या पुढं पळणारी गिटार

गायन पार्टीत किस्से शोधावे लागत नाहीत. एका जीपमध्ये सगळी माणसं, पेटी आणि ढोलक कोंबून कुरुंद्याहून निघालं की कार्यक्रमाचं गाव येईपर्यंत एखादा घडतोच! मी पार्टीचा ढोलकवाला. दिगंबरमामा आमचे मुख्य गायक आणि विलास मास्तर गिटारवाले. आमचे निम्मे किस्से त्या गिटारचेच आहेत.

*

नव्वदच्या दशकात विलासनं पहिली इलेक्ट्रिक गिटार आणली. मामांना वाद्यांची भारी काळजी. तारा गंजू नयेत म्हणून दर कार्यक्रमाआधी ते स्वतः त्यांना खोबरेल चोळायचे. विलास अडवायला गेला की म्हणायचे, "माणसाच्या डोक्याला लागतं, मग हिला काहून न्हाई?"

तेल आणि धूळ मिळून गिटारचा आवाज असा दबका निघायचा की आम्हाला वाटलं, ही अशीच वाजत असेल!

*

एकदा जीप खड्ड्यात आदळली, पेटी गिटारवर पडली आणि तिची मान मोडली. कंपनीनं ते मॉडेल तोवर बंद केलेलं. विलास पुढं कित्येक वर्षं कोरसमध्ये टाळ्या वाजवत बसला. दुसरी कुठलीही गिटार त्याला नको होती. त्याच्याकडे बघून मला वाईट वाटायचं.

*

दोन हजारनंतर कंपनीनं तेच मॉडेल पुन्हा काढलं. विलास नांदेडला जाऊन घेऊनच आला. तीच दोन शिंगं, तीच पांढरी पट्टी, तीच बटणं. रंगही तोच, मधे हळदीसारखा पिवळा आणि कडेला काळपट.

माझ्या आईनं तिच्यावरून हात फिरवला आणि विचारलं, "नवी आणायला गेलतास ना? मग जुनीच काहून आणलीस?"

कंपनीलासुद्धा इतकी मोठी शाबासकी कुणी दिली नसेल. विलास आईच्या पाया पडला!

*

पहिल्या तालमीत विलासनं तार छेडली आणि आम्ही दचकलोच. खणखणीत, लख्ख आवाज! तेलाची बाटली त्यानं आधीच माझ्याकडे लपवायला दिली होती.

मामांचा चेहरा मात्र पडला. म्हणाले, "रूप बराबर तेच हाय. पण ती माझ्या आवाजाच्या मागं चालायची, ही पुढं पळून राहिली."

शेवटी ठरलं, गोरेगावचा मुकाबला एवढा एक कार्यक्रम. तिथं मामांना पटली नाही, तर गिटार घरी आणि विलास कायमचा कोरसला.  त्या दिवशी विलास जेवला नाही.

*

गोरेगावला भरदुपारी मुकाबला होता. समोर साखरा गावची पार्टी, तिच्याकडे चकाचक कीबोर्ड. त्यांच्या गाण्याला आम्ही उत्तर द्यायचं, एवढ्यात लाइट गेली. त्या काळात आमच्याकडे लाइट असणं हीच बातमी असायची! कीबोर्ड मुका झाला, मंचावरचे स्पीकर मुके झाले.

आमच्या जीपवर मात्र भोंगा होता आणि त्याचा अँप्लिफायर जीपच्या बॅटरीवर चालायचा. अडचण एकच, त्यात पिन लावायला चालू जागा एकच होती. ती अर्थातच मामांच्या माइकला गेली.

मामांनी मुखडा घेतला. वा वा झाली. मग गिटारची जागा आली. विलासची बोटं तारांवर धावत होती आणि ऐकू काहीच येत नव्हतं. तरी तो थांबला नाही, खाली मान घालून वाजवतच राहिला. साखऱ्याची मंडळी हसायला लागली.

मामा गाता गाता थांबले. मागं वळून त्यांनी त्या धावणाऱ्या बोटांकडे बघितलं. मग जीपपाशी गेले, आपल्या माइकची पिन उपटली आणि विलासला म्हणाले, "मास्तर, तुमची वायर द्या इकडं."

"मामा, मग तुमी?"

"मी गातो ना."

गिटार भोंग्यातून अशी कडाडली की मंडपाबाहेरची माणसंही धावत आत आली. मामा मंचाच्या कडेला गेले, कानावर हात ठेवला आणि बिनामाइकचे गायला लागले.