आमच्या गावात तसं कुणी नाही

साहेब येणार म्हणून त्या दिवशी आमचं गाव सकाळीच झाडून-सारवून तयार होतं. पातूरजवळचं गाव, साठच्या दशकातली गोष्ट. मी तिथल्या शाळेत नवीन मास्तरीण... छप्पन्न साली वडिलांनी दीक्षा घेतली आणि पोरीला शिकवायचंच असं ठरवलं, म्हणून तिथवर पोचलेली.

साहेब मुंबईच्या एका ट्रस्टचे. आता ज्याला तुम्ही मेंटल हेल्थचा प्रश्न म्हणता, त्याला तेव्हा 'डोक्यावर परिणाम' म्हणायचे आणि त्यावर उपाय म्हणजे अंगारा नाहीतर दोर. अकोल्याचे एक डॉक्टर महिन्यातून एकदा एसटीने यायचे, आमच्या गावकऱ्यांच्या मंडळाच्या खोलीत बसायचे आणि पदरमोड करून गोळ्या द्यायचे.

पण किती दिवस करणार बिचारे? शेवटी मंडळाने ट्रस्टकडे अनुदान मागितलं. ट्रस्टने कळवलं, आमचा माणूस येईल, रोगी बघेल, मग ठरवू.

झालं! अनुदान सगळ्यांना हवं होतं, रोगी मात्र कुणाच्याच घरी नव्हता.

खरं तर सगळ्या गावाला माहीत होतं. किसनभाऊ फुलमाळी, त्यांची बायको सुभद्राबाई. मधला मुलगा गेल्यापासून बाईचं भान सुटलं, ती रानोमाळ पळायची, म्हणून गोठ्यात दाव्याने बांधून ठेवायचे तिला. मी स्वतः पाहिलंय ते.

डॉक्टरांच्या गोळ्यांनी ती माणसांत आली. हळूहळू मळ्यात जाऊ लागली, फुलं तोडू लागली, हार तर असे करायची की अकोल्याच्या बाजारात तिच्या हारांना वेगळं गिऱ्हाईक होतं. गोळ्या थांबल्या तर पुन्हा काय होईल हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

तरी आदल्या दिवशी किसनभाऊ शाळेत आले. "बाई, माह्या कमलची सोयरीक जमून राहिली अचलपूरकडे. सुभद्राचं नाव नका काढू." डोळ्यांत पाणी होतं हो त्यांच्या. मी नाव काढणार नाही असा शब्द दिला... पण मनातून चरफडत होते. रोगीच दाखवायचा नाही तर अनुदान काय गाईगुरांच्या नावाने मागायचं?

साहेब आले. लेझीम झालं, स्वागतगीत झालं, हार घालून झाले. सुभद्राबाईला मळ्यातच थांबायला सांगितलं होतं.

मग साहेबांनी सरळ मुद्द्याला हात घातला, तुमच्याकडे असे रोगी कोण कोण आहेत? सरपंच छाती काढून उभे राहिले. "आमच्या गावात तसं कोनी नाई साहेब!" जणू काही गावात हागवण नाही असं सांगत होते. मंडळाच्या पुढाऱ्यांनीही माना डोलावल्या.

डॉक्टर कपाळाला हात लावून बसले. साहेब गोंधळले. मग उठायची तयारी करता करता त्यांनी गळ्यातला हार हातात घेतला, शेवंती आणि झेंडूचा, मध्ये मरव्याची हिरवी काडी... "फार सुंदर आहे, कुणी केला?"



आता हार कुणी केला हे सांगायचं नाही असा शब्द मी कुणाला दिला नव्हता. मी उठले आणि ठणठणीत आवाजात म्हणाले, "सुभद्राबाईंनी." किसनभाऊंनी माझ्याकडे असं पाहिलं की बस्स. पण साहेब म्हणाले, बोलवा त्यांना, आणि पाहुण्याला नाही कोण म्हणणार?

ती आली. पदराला फुलांचे डाग, बोटांत अजून सुईदोरा. साहेबांनी कौतुक केलं, ती लाजली. एवढ्यावर संपलं असतं... मी तरी एवढीच अपेक्षा केली होती.

तेवढ्यात तिचं लक्ष डॉक्टरांकडे गेलं. ते बॅग आवरत होते. तिने एकदा किसनभाऊंकडे पाहिलं, एकदा कमलकडे.

"साहेब, काहून खोटं बोलून राहिले हे? मी हाय ना! मले गोठ्यात बांधत होते. डाक्तर बंद झाला त पुन्हा दावं हाय मले."

आणि मग बायकांच्या बाजूने खणखणीत आवाज आला, खुद्द सरपंचांच्या सौभाग्यवतींचा! "आमच्या भाऊजीले पन दाखवा एकदा. रातभर विहिरीपाशी बसून राह्यतेत ते." सरपंचांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. त्यानंतर एक म्हातारी उठली, मग एक बाप... डॉक्टरांनी बॅग पुन्हा उघडली.

अनुदान मिळालं. कमलची ती सोयरीक मात्र मोडली, हेही सांगायला हवं. किसनभाऊ वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत. पुढे मोर्शीकडचं स्थळ आलं, तेव्हा सुभद्राबाईने पाहुण्यांना पाणी द्यायच्या आधी स्वतःचं सगळं सांगून टाकलं आणि त्या लोकांनी तरीही पोर मागितली.

माझी नात आज अशाच एका संस्थेत काम करते. अनुदान मिळतं आजी, पण लोकच पुढे येत नाहीत, म्हणून वैतागत होती. म्हणून हे लिहायला बसले. येतात गं लोक... आधी कुणालातरी उठावं लागतं.

परवा कमल भेटायला आली होती, आता तीही पंच्याहत्तरीची. आईचा विषय निघाला. जाताना माझा हात धरून म्हणाली, "बाई, आई गेली तवा ओट्यावर हारच करत बसली होती. दावं मंग कवाच नाई लागलं तिले."

सुभद्राबाई, त्या दिवशी तुम्ही उठलात... तुमचे उपकार आहेत आमच्या गावावर.