फ्रीझरमधले फुगे

अंधेरीच्या एका कॉलेजात मी जीवरसायन शिकवते आणि दरवर्षी एखादं कार्टं माझा रक्तदाब वाढवून जातं. त्या वर्षी ती खारदांड्याची मुलगी होती. आई मासळी विकायची. प्रोजेक्ट फसला तर एमएस्सीचं वर्ष बुडणार, आणि वर्ष बुडालं तर पोरीनं आईशेजारी बाजारात बसायचं, असं घरात ठरलेलं. आईनं तिच्यासाठी मासळीची नवी पाटीसुद्धा आणून ठेवली होती.

प्रोजेक्ट तसा सुटसुटीत. चरबीचे डोळ्यांना न दिसणारे फुगे करायचे, अंगावर मॅनोज नावाची साखर जडवलेले. त्यात शेंगेच्या बियांतलं लेक्टिन नावाचं प्रथिन घालायचं. लेक्टिन एका हातानं एका फुग्याची साखर धरतं, दुसऱ्यानं दुसऱ्याची, आणि बघता बघता गुठळ्या होतात. मग वरून मोकळी मॅनोज घालायची. लेक्टिनचे हात तिच्यात गुंतले की फुगे सुटतात. सुटले तरच प्रयोग खरा.

परीक्षक यायच्या आदल्या सकाळी तिची नळी गुठळ्यांनी भरलेली.

"मॅडम, झकास जमलं ना!"

"साखर घाल आधी."

तिनं घातली, आणखी घातली. एक गुठळी सुटेल तर शपथ. मी शेजारची नळी उजेडात धरली. तिच्यात लेक्टिनचा थेंब नव्हता, तरी गुठळ्या होत्याच.

"रात्री कुठे ठेवलं होतंस गं हे?"

"फ्रीझरमध्ये. खराब होईल ना, मॅडम."

कोळ्याची पोर! माल बर्फात राहिला की ताजा, हे हाडीमांसी मुरलेलं. पण गोठले की हे फुगे फुटून एकमेकांत मिसळतात, मग त्यांना देवही सोडवू शकत नाही. मी ओरडणारच होते, पण तिचा चेहरा पाहून थांबले.

"वाट लागली, मॅडम. आईला काय सांगू?"

"सांग, घरी यायला उशीर होईल. चल, कामाला लाग."

उरलेल्या चरबीत एकच घाणा निघणार होता. तो तिनं स्वतः काढला, मी नुसती शेजारी बसून बडबडत राहिले. या वेळी नळी साध्या फ्रिजमध्ये गेली.

दुसऱ्या दिवशी परीक्षकांसमोर गुठळ्या झाल्या. तिनं मॅनोज घातली. काही क्षण काहीच होईना. मग गुठळ्या विरत गेल्या. परीक्षकांनी मान डोलावली.

बाहेर येऊन तिनं आईला फोन लावला, स्पीकरवर.

"आई, पास झाले गं."

पलीकडे बाजाराचा गलका. मग आईचा आवाज आला.

"बरं झालं, बाय. ती पाटी आजच देऊन टाकते कुणाला तरी."