एडफूची प्रदक्षिणा

सूर्यकांत गर्गे देवळात जात नसत, पण देवळाबाहेर त्यांच्याइतका वेळ सगळ्या ओटावात दुसऱ्या कुणी काढला नसेल. लग्न झालं तेव्हाच वाटणी ठरली होती: उमाताईंनी आत जायचं आणि ह्यांनी बाहेर जोडे सांभाळायचे. पुढे हे पुलांची तपासणी करणारे इंजिनियर म्हणून कॅनडात सरकारी नोकरीला लागले, घर झालं, मुलगा झाला, पेन्शन सुरू झाली, तरी वाटणी मोडली नाही. इथे जोडे कुणी चोरत नाही हे त्यांनाही ठाऊक होतं. पण हिवाळ्यात सगळ्यांचे बूट काळे, सगळ्यांना सारखाच बर्फाचा रबडा, आणि आरती संपली की जो तो घाईत. कोपऱ्यातल्या बाकावर पेपर वाचत बसलेला एक नास्तिक देवस्थानाच्या सोयीचाच होता. मराठी मंडळाचे चारुदत्त दाबके त्यांना जोडेमंत्री म्हणत.

"खातं लहान आहे," सूर्यकांतराव म्हणत, "पण राजीनामा कुणी मागत नाही."

इजिप्तची टूर चारुदत्तांनीच काढली, मंडळातल्या ज्येष्ठांसाठी, ऑक्टोबरात. सूर्यकांतरावांना दगड बघायचे होते. एवढाले दगड त्या लोकांनी वर चढवले कसे, ह्यावर ते वर्षभर बोलत होते आणि ऐकणारे वर्षभर घड्याळ बघत होते. उमाताईंना काहीच बघायचं नव्हतं. हे एकटे गेले तर काहीबाही खातील, एवढीच त्यांना काळजी. खरं तर पथ्य उमाताईंचं स्वतःचं होतं. साखर जुनी होती, घरातल्या माणसासारखी मुरलेली. गोळ्या वेळेवर, चहा बिनसाखरेचा, श्रीखंड फक्त सणाला. आता सणच इतके, त्याला त्या काय करणार.

लक्सरहून एका दिवसाची सहल होती. नदीच्या काठाकाठानं व्हॅननं एडफूचं देऊळ, मग कोम ओम्बोचं, संध्याकाळी परत. रमझी नावाचा गाइड माइकवरून राजांची नावं सांगत होता आणि ज्येष्ठ मंडळी डुलक्या काढत होती. बाहेर नाईल, काठाला ऊस, ऊस संपला की एकदम वाळवंट.

"अगदी आपल्या कराडसारखं आहे हो," उमाताई म्हणाल्या. "वाळवंट सोडलं तर."

"वाळवंट सोडलं तर सगळंच कराडसारखं असतं."

एडफूला पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलं होतं. दाराशी दगडाचा भलामोठा ससाणा उभा. हा होरस, आकाशाचा देव, रमझीनं सांगितलं. उमाताईंनी ससाण्याकडे निरखून पाहिलं. नाक ओळखीचं वाटलं असावं. त्यांनी हात जोडले आणि मागच्या बायकांना बातमी दिली, "गरुड आहे." मग एका दगडावर टेकून त्या बुटांच्या नाड्या सोडायला लागल्या.

रमझी धावत आला. "मॅडम, नो, नो! शूज ओके! इथली पूजा बंद होऊन शतकं झाली!"

"पूजा बंद केली ती माणसांनी," उमाताई मराठीतच म्हणाल्या. "देवाला कुणी कळवलंय का?"

"घ्या मंत्रीसाहेब," चारुदत्त ओरडले, "इजिप्तमध्येही शाखा निघाली!"

सगळे हसले, सूर्यकांतरावही हसले. त्यांनी बूट घेतले, मोजे बुटांत कोंबले आणि भिंतीच्या सावलीत बसकण मारली. मोजे तरी राहू दे, असं म्हणावं हे त्यांच्या मनात येऊन गेलं. पण देवळात मोजे चालतात की नाही ह्यावर दोघांचं एक जुनं भांडण होतं आणि ते परदेशात, चारुदत्तांसमोर, उकरायची त्यांची तयारी नव्हती.

एडफूच्या देवळाभोवती, आतली भिंत आणि बाहेरचा तट ह्यांच्यामध्ये, एक अरुंद वाट आहे. उमाताईंना ती बरोबर सापडली. "प्रदक्षिणेला जागा ठेवलीय बघा, आणि म्हणे पूजा बंद!" बाकीचे आत कोरीवकाम बघत होते तोवर त्यांनी प्रदक्षिणा घातली. मग मोठ्या अंगणात आल्या. अंगण उघडं, फरशी दगडी, वर दुपार. एका गोऱ्या पोरीची सँडल निसटली, पाय फरशीला टेकला आणि ती किंचाळून उडीच मारती झाली. उमाताई मात्र तेच अंगण सावकाश, चारी बाजूंचे खांब बघत, ओलांडून आल्या.

सूर्यकांतरावांनी दोन्ही पाहिलं, पोरीची उडी आणि बायकोची चाल. आणि त्यांना काय वाटलं? कौतुक वाटलं. नोकरीभर पुलांच्या बारीक भेगा शोधणाऱ्या ह्या माणसाला वाटलं, आपली बायको किती सोशिक आहे.

"भाजलं नाही तुला?"

"छे! उलट गारच वाटलं. देवाचं अंगण आहे."

कोम ओम्बोला मगरीचा देव होता. गंगेचं वाहन, म्हणून उमाताईंनी तिथेही नमस्कार केला, पण तिथे पायऱ्या फार, म्हणून बूट घालूनच. संध्याकाळी डावा मोजा ओला निघाला. तळव्यावर आणि करंगळीपाशी मोठे फोड होते, एक फुटलेला.

"दुखतंय का?"

"नाही हो. अजिबात नाही."

ओटावाला परतल्यावरही हे एक वाक्य घरात रोज ऐकू येत राहिलं. ड्रेसिंग बदलायला नर्स येई, तिला सांगितलं जाई, दुखत नाही. फोनवर सांगितलं जाई, दुखत नाही. मंडळातल्या बायका मुगाची खिचडी घेऊन आल्या, त्यांनाही हेच. खिचडी ठेवून त्या म्हणाल्या, मग बरं होत आलं म्हणायचं. दुखणं नाही म्हणजे बरं आहे, असं दोघांनी मनाशी धरलं होतं. साखरेनं पायातल्या नसा कधीच्याच मारल्या आहेत, हे पायाच्या क्लिनिकमधल्या डॉक्टरीणबाईंनी चित्र काढून समजावलं, तेव्हा बाहेर बर्फ पडायला लागलं होतं.

करंगळी काळी पडली. ती काढली तर पाय वाचेल, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. उमाताई म्हणाल्या, दिवाळी होऊ दे. सूर्यकांतराव रोज सकाळी टॉर्च घेऊन तळव्याशी वाकत. काळं पुढे सरकत होतं. पूल असता तर त्यांनी त्याच दिवशी वाहतूक बंद केली असती.

"कसं दिसतंय?" वरून प्रश्न येई.

"ठीक आहे."

एटोबिकोहून मुलगा शंतनु आला, बूट झटकत, रागातच. "बाबा, हू लेट्स अ डायबेटिक वॉक बेअरफूट ओव्हर देअर? यू वेअर राइट देअर!"

"मी बाहेर होतो," सूर्यकांतराव म्हणाले.

कुणीतरी मंडळात बोललं की परक्या देवाचं काहीतरी झालं असणार. चारुदत्तांनी ते अवघडत कानावर घातलं. एरवी ह्यावर सूर्यकांतरावांनी तासभर व्याख्यान दिलं असतं. नास्तिकाची हीच पंचाईत असते, रागवायचं म्हटलं तर वर कुणी नसतं.

दिवाळीनंतरच्या आठवड्यात उमाताईंना ताप भरला. ॲम्ब्युलन्स आली. आता करंगळीचा प्रश्नच राहिला नव्हता. डावा पाय गुडघ्याखालून काढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या नीट शुद्धीवर आल्या. शंतनुनं रडत रडत, अर्ध्या इंग्रजीत सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, त्यालाच थोपटलं आणि कॉफी पिऊन ये म्हणून खाली पाठवलं. मग त्या सूर्यकांतरावांकडे वळल्या.

"अहो, पाय दुखतोय."

"कुठला?"

"डावा."

"जखम आहे ना ताजी. गुडघ्याशी दुखत असेल."

"गुडघा नाही. करंगळी. आणि तळवा. आग आग होतेय नुसती, चटका बसल्यासारखी."

सूर्यकांतरावांनी चादरीकडे पाहिलं. उजवीकडे पावलाचा उंचवटा होता. डावीकडे चादर सपाट होती. त्यांनी घंटी दाबली.

नर्सनं सलाइन बघितलं, औषध वाढवते म्हणाली आणि जाता जाता सांगून गेली की घाबरू नका, फँटम पेन आहे, बहुतेकांना होतं.

"काय म्हणाली ती? कसलं पेन?" औषधानं उमाताईंची जीभ जड झाली होती.

ह्याला मराठी शब्द सूर्यकांतरावांना सुचेना. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"पायाचं भूत असतं म्हणाली. ते दुखतं."

"आणि तुम्ही मानलंत?"

"तुला दुखतंय ना?"

"फार दुखतंय हो."

"मग मानलं."

उमाताईंनी डोळे मिटले. उशीची कड मुठीत धरून त्या म्हणाल्या, "किती दिवस राहतं, विचारलंत का?"

ते नर्सच्या मागे बाहेर गेले, विचारून आले आणि खुर्ची पलंगाजवळ ओढून बसले.

"काहींचं जातं," ते म्हणाले. "काहींचं राहतं."