शेंदूर थापलेलं झाकण

हसा, पण आधी चहाचा घोट गिळा. नाकातून आला तर मला शिव्या घालू नका. माझी अक्कल किती, हे एकदा अख्ख्या लालबागनं कर्ण्यावरून ऐकलंय!

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस. मी काळाचौकीच्या एका गॅरेजात मिस्त्री. शाळेशी माझं चौथीतच बिनसलं, पण इंजिनाच्या खोकल्यावरून रोग ओळखतो, असं मी सांगत फिरायचो. कुणी विचारलेलं नसायचं, तरी.

संध्याकाळी मैदानात सभा होती. गिरणीची पाळी सुटायच्या आत फाटकापर्यंत पुकारा करत पोचायचं, म्हणून भोईवाड्याच्या डॉक्टरांनी आपली गाडी दिली. टपावर कर्णा, मागे माईक धरून आमचा राणे, मालवणी गडी. चालवायला मी. डॉक्टरांना छाती ठोकून सांगितलं, "काल दसऱ्याला गॅरेजात मी स्वतः तिची पूजा केलीय. बंद पडली तर नाव बदलीन!"

निघालो. राणे गरजला, "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र..." आणि गाडी भुकभुक करून मेली.

"झालाच पाहिजे!" लोक म्हणाले.

मी बॉनेट उघडलं. "आयडलिंग धरत नाही." कार्ब्युरेटरचा स्क्रू पिळला. पेट्रोल आहे का, म्हणून टाकीचं झाकण उघडून काठी घातली. भरपूर! झाकण गच्च लावलं, स्टार्टर मारला, गाडी चालू!

"बघितलंस? स्क्रू!"

पुढच्या नाक्यावर परत मेली. आता कार्ब्युरेटरमधला जेट, पेट्रोलची बारीक तोटी, काढून तोंडानं फुंकला. निम्मं पेट्रोल पोटात. परत टाकीत काठी, परत झाकण गच्च, परत चालू!

"कचरा होता जेटमध्ये!"

कसला कचरा? जरा पुढं एका चाळीखाली पुन्हा राम म्हटला. आता मी पंपाला शिव्या देऊ लागलो.

राणे खाली उतरला. "मेल्या, गाडी दुरुस्त करतंस काय नवस फेडतंस? आता पाळी सुटतली!"

माईक त्याच्या हातातच, आणि चालू. मी शेजारी झाकण फिरवलं.

फुस्सऽऽऽ!

कर्ण्यातून असा आवाज निघाला की सगळी चाळ खो खो हसायला लागली. वर गॅलरीत एक पोरगी तांदूळ निवडत होती; नाक्यावरचा माझा तमाशाही तिनं तिथूनच बघितला होता. ती ओरडली, "अहो मिस्त्री, झाकण उघडलं की चालते ना ती? मग झाकणाला भोक आहे का बघा. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर धार लागते का? हवेला दुसरं नको?"

"तुम्ही तांदूळ निवडा!" मी खेकसलो. "झाकणाला भोक असतंच! हे बघा..."

मी बघितलं. भोक कुठाय? शेंदूर!

गाडीला गंधफूल वाहून माझं समाधान झालं नव्हतं ना! जिथून ती खाते तिथं मान द्यावा, म्हणून झाकणावर तेलात कालवलेला शेंदूर थापला होता. मारुतीला थापतात तसा, बोटभर! टाकीत हवा शिरत नव्हती, म्हणून पेट्रोल पुढं सरकत नव्हतं. झाकण उघडलं की बिचारी श्वास घ्यायची, आणि मी परत तिचा गळा दाबायचो.

"मेल्या," राणे माईकमधूनच किंचाळला, "गाडीचा नाक तूच बुजवलंस!"

मी खाली मान घालून शेंदूर खरवडतोय, भोकातला काही निघेना. तेवढ्यात वरून टप्पकन काहीतरी पडलं. केसातला आकडा.

त्यानं भोक मोकळं झालं. भोंगा झाला तेव्हा आम्ही गिरणीच्या फाटकासमोर उभे, आणि इंजिन मांजरासारखं घुरघुरतंय. आतून माणसांचा लोंढा आला, राणेनं पुकारा केला, आणि जो आवाज उठला... अहो, काय सांगू! आज ना गिरणी, ना भोंगा, ना राणे. हे असं गलबलून येतं म्हातारपणी, कटकट नुसती.

आकडा परत करायला मी त्या चाळीत गेलो. मग जातच राहिलो. हा चहा तिनंच केलाय.

पण इतका संसार झाला, तरी दसऱ्याला शेंदराची वाटी ती माझ्या हाती देत नाही. म्हणते, "तुम्ही नुसता नारळ फोडा. त्यात बुजवण्यासारखं काही नाही."